जायफळाचे कान

“मागं घे. अजून थोडं मागं,” तात्या ओवीला म्हणाले.

ओवीनं मोबाइलवर बोट सरकवलं आणि टीव्हीवरचा घोडा उलटा पळत पठाराच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला.

“हां. आता सोड.”

घोडा पुन्हा निघाला. वाळलेल्या गवतावरून मान ताणून सरळ धावत आला, दगडी गडग्यापुढे उभ्या असलेल्या निळ्या फ्रॉकमधल्या मुलीजवळ थांबला आणि त्यानं तिच्या खांद्यावरून मान पुढे टाकली. मुलीनं त्याच्या गळ्याला मिठी मारली. व्हायोलिन वाजू लागलं.

“त्या पोरीकडं नको बघूस,” तात्या म्हणाले. “तिच्या मागचा गडगा बघ. त्याच्या पलीकडं तुझी आई बसलीय. घोडा आलाय तो तिच्याकडं.”

“मागच्या सुट्टीतपण तुम्ही हेच सांगितलं होतं, आजोबा.”

“मग? मागच्या सुट्टीत घोडा दुसरीकडं गेला होता का?”

ओवी हसली आणि माझ्याकडे वळली. मी उंबऱ्याशी पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते.

“आई, खरंच का गं?”

“सांग की वैजू तिला,” तात्या म्हणाले.

“हो,” मी म्हणाले. “माझ्याकडंच आला होता.”

तात्यांनी मान हलवली आणि चहा मागितला, आलं जरा जास्त घालून.

त्या दिवशी आणखी काही घडलं नाही. संध्याकाळी ते बाजारात गेले, कोथिंबिरीवरून भाजीवालीशी वाद घालून आले, जेवताना ‘उसळ चांगली झालीय, पण तुझ्या आईच्या हातची वेगळी’ असं नेहमीचं बोलले आणि झोपले. सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते गेले होते. चेहरा झोपेतलाच होता.

पाचगणीतले जुने घोडेवाले, टांगेवाले भेटायला आले. त्यातल्या बहुतेकांनी त्या घोड्याची आठवण काढलीच. “तुझ्याकडंच आला होता ना गं तो, वैजू?” मी प्रत्येकाला हो म्हणत होते.

त्या घोड्याचं नाव जायफळ. तो जन्मला आणि आठवड्याच्या आत त्याची आई दगावली. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. शेळीचं दूध बाटलीत भरून मी त्याला पाजायचे. आई म्हणाली, “रंग बघा, अगदी जायफळासारखा,” आणि तेच नाव पडलं. मोठा झाल्यावर तो तात्यांबरोबर टेबललँडच्या पठारावर पर्यटकांना फिरवू लागला, पण सकाळचा खरारा आणि संध्याकाळचा चारा माझ्याकडे होता.

मी सातवीत असताना तात्यांनी ठरवलं की पुढे मला साताऱ्याला वसतिगृहात ठेवायचं. गावात शाळा होती, पण मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं की पोरगी हुशार आहे, तिला साताऱ्याला धाडा. मी नाही म्हणाले. आईनं कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, “जायफळ मला विसरेल.”

“अगं, घोडा आहे तो,” आई म्हणाली. “नवरा नाही.”

तात्या हसले नाहीत. “जूनला अजून वेळ आहे,” एवढंच म्हणाले.

त्याच हिवाळ्यात सिनेमावाले आले. मुलांचा सिनेमा होता. डोंगरावर मामाकडे राहणारी एक पोरकी मुलगी, तिचा घोडा, मामा घोडा विकून टाकतो, आणि शेवटी घोडा नव्या मालकाकडून सुटून तिच्याकडे धावत येतो. दिग्दर्शक सबनीस म्हणून होते. बारीक, चष्म्यातले, कुणावर न ओरडणारे. त्यांनी दोन दिवस टेबललँडवर बसून सगळे घोडे पाहिले आणि जायफळ निवडला. लहान पोर पाठीवर बसलं की तो आपोआप हळू चालायचा, ते त्यांनी हेरलं होतं.

मला वाटलं, आता जायफळ पडद्यावर दिसणार. त्या दिवशी मी वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं. संध्याकाळी तात्या गोठ्यात आले. मी खरारा करत होते.

“वैजू, उद्यापासून हे तू करायचं नाही.”

“म्हणजे?”

“ती पिक्चरमधली पोरगी करणार. शलाका. तिनं रोज चारायचं, तिनंच हात फिरवायचा. म्हणजे घोडा तिच्या ओळखीचा होतो. सायेबांची तशी पद्धत आहे.”

“आणि मी?”

“तू लांब राहायचं. तू दिसलीस की तो तुझ्याकडंच बघणार.”

“किती दिवस?”

“शूटिंग संपेपर्यंत.”

मी खराऱ्याचा ब्रश त्यांच्या हातात दिला आणि घरात गेले. रडले नाही. दुसऱ्या दिवशी जायफळाला युनिटच्या बंगल्यामागच्या पागेत नेऊन बांधलं.

शलाका पुण्याची होती, माझ्याच वयाची. मला तिचा राग यायला हवा होता आणि आलाही, पण तो टिकवणं अवघड गेलं. एकदा मी शाळेतून येताना ती बंगल्याच्या फाटकाशी उभी होती, हातात बिस्किटांचा पुडा घेऊन.

“तू पार्टेकाकांची मुलगी ना?” तिनं विचारलं. “तो चावतो का गं?”

“कोण? जायफळ?”

“मला त्याला वादळ म्हणायला सांगितलंय.”

“चावत नाही. तळहात सपाट धर. बोटं वाकवलीस तर त्याला ती खायचीच वाटतात.”

“मी सपाटच धरते. पण तो जवळ आला की मी पुडा टाकून पळते. सबनीसकाका काही बोलत नाहीत, नुसते चष्मा पुसतात. घोड्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते.” तिनं पुडा माझ्यापुढे धरला. “तू येतेस माझ्याबरोबर?”

“मला लांब राहायला सांगितलंय.”

“किती विचित्र,” ती म्हणाली. “तुझाच घोडा.”

ती मनापासून बोलली होती. मी घरी येऊन आईला सांगितलं की ती मुलगी भित्री आहे, तिच्याच्यानं काही होणार नाही. आई भाकरी थापत होती. म्हणाली, “तुला बरं वाटलं वाटतं?” बरं वाटलं होतं.

पण शलाका शिकली. शूटिंग सरत आलं होतं, तेव्हा एका दुपारी मी मुद्दाम बंगल्यामागच्या रस्त्यानं आले. कुंपणातून पाग दिसायची. शलाका जायफळाच्या अगदी जवळ उभी होती. हात सपाट होता. जायफळ तिच्या हातातली बिस्किटं खात होता आणि ती दुसऱ्या हातानं त्याच्या कपाळावर खाजवत होती, बरोबर ज्या जागी मी खाजवायचे तिथे. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी हळूच हाक मारली. “जायफळ.”

त्यानं मान वर केली नाही. पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. त्याचा एक कान माझ्याकडे वळला, माशी उडवावी तसा, आणि परत फिरला. बिस्किटं संपलेली नव्हती.

रात्री जेवताना मी म्हणाले, “मी साताऱ्याला जाणार नाही.”

“आता काय झालं?” आईनं विचारलं.

“एवढ्या दिवसांत तो मला विसरला. हाक मारली तरी बघितलं नाही. साताऱ्याहून मी दिवाळीला येणार. तोवर मला ओळखणारच नाही.”

“खात असताना कुणी बघत नाही,” आई म्हणाली. “तुझा बापसुद्धा बघत नाही.”

तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “तू तिकडं कशाला गेलीस?” असं ते विचारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं नाही.

शेवटचा प्रसंग दुसऱ्या दिवशी होता. घोडा सुटून मुलीकडे धावत येतो तो. शाळेला सुट्टी होती. निम्मं गाव टेबललँडवर गेलं होतं, मी घरी होते. तिथं काय झालं ते मला नंतर इसाकभाईंनी सांगितलं. इसाकभाई म्हणजे तात्यांचे जोडीदार. दोघांचे घोडे शेजारी शेजारी उभे राहायचे.

पठाराच्या एका टोकाला गडग्यापुढे शलाकाला उभं केलं. दुसऱ्या टोकाहून तात्यांनी जायफळाला सोडलं. शलाकानं हाक मारली. जायफळ छान सुटला, पण निम्म्या वाटेत पठाराच्या कडेला एका जागी येऊन तो थबकला. आडवा वळला, मान उंच केली आणि पुतळ्यासारखा उभा राहिला.

“हे काय करतोय तो?” सबनीसांनी विचारलं.

तात्या खाली बघत म्हणाले, “फोटो काढायची जागा आहे ती, सायेब. पर्यटक बसवले की तिथं थांबायचं आणि फोटो निघेपर्यंत हलायचं नाही. रोजची सवय आहे.”

लोक हसले. सबनीससुद्धा हसले, मग त्यांनी चष्मा पुसला. दुसऱ्या वेळी तात्या त्या जागेशी स्वतः उभे राहिले, म्हणून जायफळ थांबला नाही. पण पुढे वळणावर तो शिस्तीत डावीकडे वळला आणि चालत घोडातळाकडे, घोडे बांधायच्या जागेकडे, निघून गेला. पर्यटकांची फेरी त्या वळणावरूनच परत फिरते. शलाका हाका मारत होती. तिसऱ्या वेळी तेच. बिस्किटांचा पुडा हातात धरून दाखवला तरी तेच. एवढ्या लांबून त्याला तो दिसतही नसावा.

ऊन उतरू लागलं. युनिटला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. तेव्हा तात्या सबनीसांकडे गेले आणि म्हणाले, “सायेब, माझ्या पोरीला गडग्याआड बसवू का? तिच्याकडं येईल तो.”

“नक्की?”

“तिनं वाढवलाय.”

मला बोलवायला ते स्वतः घरी आले. मी अंगणात होते.

“चल,” ते म्हणाले. “जायफळ तुझ्याकडं यायचाय.”

“तिच्याकडं नाही गेला?”

“नाही गेला.”

चढावर ते माझ्यापुढे भराभर चालत होते. मी मागून विचारलं, “आणि माझ्याकडं नाही आला तर?”

“येईल.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मला माहीत आहे. तू फक्त गडग्याआड बसायचं. हाक मारायची नाही, उठायचं नाही. डोकंसुद्धा वर काढायचं नाही. कॅमेरा बाजूला आहे, तू दिसता कामा नये.”

“मी दिसणार नाही, मग त्याला कशी दिसेन?”

“घोड्याला बसलेलं माणूस दिसतं. त्याची मान किती उंच असते.” हे खरं होतं, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

गडगा कमरेएवढा होता, नुसते दगडावर दगड रचलेले. त्याच्या अलीकडे पठार, पलीकडे उतार सुरू व्हायचा आणि खाली कारवीची झुडपं होती. मी पलीकडच्या बाजूला, गडग्याला चिकटून गुडघे पोटाशी घेऊन बसले. पाठ उताराकडे, तोंड दगडांकडे. दोन दगडांच्या फटीतून मला पठाराचा एक तुकडा दिसत होता आणि शलाकाच्या निळ्या फ्रॉकची किनार.

“तू आहेस ना?” शलाका न वळता म्हणाली.

“आहे.”

“तो जोरात आला तर मी पळू का?”

“पळू नकोस. गडग्यापाशी तो थांबतोच. त्याला उडी मारायला शिकवलेलं नाही.”

“बरं,” ती म्हणाली.

तात्या वाकून माझ्या कानाशी आले. “मी तिकडं जातो, घोडा सोडायला. घाबरू नको.” आणि ते गेले. त्यांच्या पावलांचा आवाज पठारावरून लांब जाताना मी ऐकला.

मग सगळे गप्प झाले. कुणीतरी इंग्रजीत काहीतरी म्हणालं. शलाकानं हाक मारली, “वादळ!” तिचा आवाज चिरकला होता, पण आवाज नंतर स्टुडिओत भरणार होते, त्यामुळे कुणी थांबवलं नाही.

फटीतून मला जायफळ दिसला. आधी नुसता ठिपका, मग टापांचा आवाज. फोटोच्या जागेपाशी तो किंचित मंदावला. पण तो थांबला नाही. वळणावर आला आणि डावीकडे फिरला नाही. सरळ. सरळ आमच्याकडे.

मला तेव्हा काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकेन, पण ते अगदी थोडा वेळ टिकलं.

टापा थांबल्या. दगडांवर माती उडाली. शलाकाच्या तोंडून ‘आई गं’ निघालं, पण ती हलली नाही. आणि मग जायफळाची मान तिच्या खांद्यावरून गडग्याच्या वर आली, माझ्या डोक्यावर. त्याचा गरम श्वास माझ्या केसांत शिरला. मी हळूच हात वर केला आणि त्याच्या नाकपुडीला लावला. गडग्याच्या आड होता हात, कॅमेऱ्याला दिसत नव्हता.

त्यानं नाक बाजूला केलं. वाटेतली फांदी टाळावी तसं. आणि मान आणखी पुढे ताणली.

मी वर बघितलं. मला त्याची हनुवटी दिसत होती, तिच्यावरचा फेस, आणि वर त्याचे कान. दोन्ही कान पुढे टोकदार उभे होते. घोडा काय बघतोय ते त्याच्या डोळ्यांवरून कळत नाही, डोळे दोन बाजूंना असतात. कानांवरून कळतं. शलाका त्याच्या छातीशी होती, मी त्याच्या हनुवटीखाली होते. त्याचे कान आम्हा दोघींच्या वरून, उताराकडे, माझ्या पाठीमागे रोखलेले होते.

मला मागे वळून बघता आलं असतं. कॅमेऱ्याला कळलंही नसतं. मी बघितलं नाही. दगडांकडे तोंड करून तशीच बसून राहिले.

“कट!” सबनीस पहिल्यांदाच ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शलाका रडत होती आणि खरंच जायफळाच्या गळ्याला लटकली होती. मेकअपवाली बाईसुद्धा डोळे पुसत होती.

मग तात्या आले. जायफळाला दुसऱ्या टोकाहून त्यांनी सोडलं असेल, तर ते पठारावरून, माझ्या समोरून यायला हवे होते. ते मागून आले. उतारावरून, धापा टाकत. त्यांच्या शर्टाला कारवीची पानं चिकटली होती. हात मोकळे होते, पण जायफळ त्यांच्या काखेत नाक खुपसू लागला, तेव्हा कोपरापाशी हरभऱ्याचा भुसा मला दिसला. घोड्याच्या तोंडाला बांधायची हरभऱ्याची पिशवी, तोबरा, कुठे टाकला होता कोण जाणे. पठाराच्या दुसऱ्या टोकाला जायफळाची रिकामी दोरी हातात घेऊन इसाकभाई उभे होते.

तात्या माझ्यापुढे उकिडवे बसले. माझ्या केसांतली माती झटकली.

“बघितलंस?” ते म्हणाले. अजून धाप लागलेली होती. “तुझ्याकडंच आला. तिला सोडून तुझ्याकडं. आता कुठं बी जा तू, तो विसरत नाही.”

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तसं त्यांना कधीच बघितलं नव्हतं. बाजारात एखादा तापट घोडा विकत घ्यायचा असतानासुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. त्या वेळी दिसत होतं. मी काय म्हणते त्यावर त्यांचं सगळं अडलं होतं.

“हो,” मी म्हणाले. “माझ्याकडंच आला.”

जूनमध्ये मी साताऱ्याला गेले. तिथून पुण्याला कॉलेजात, मग नोकरीला. पाचगणीला सुट्टीपुरती यायचे. जायफळ आणखी बरीच वर्षं टेबललँडवर फिरला. तात्या पर्यटकांना सांगायचे, ‘सिनेमातला घोडा आहे,’ आणि पर्यटक त्याच्यापुढे खांदा करून उभे राहायचे, त्यानं मान टाकावी म्हणून. तो टाकायचा नाही. मी आले की तो मला ओळखायचा की नाही, हे मी पुन्हा कधी तपासून बघितलं नाही. त्याची गरज राहिली नव्हती. शलाकानं पुढे सिनेमात काम केलं नाही. काही वर्षं दिवाळीला तिचं भेटकार्ड यायचं, आणि त्यावर खाली लिहिलेलं असायचं, ‘तुझ्या घोड्यालाही शुभेच्छा सांग.’

सिनेमा अधूनमधून टीव्हीवर लागायचा. तात्या तो पूर्ण बघायचे, आणि शेवटी जो कोणी घरात असेल त्याला गडगा दाखवायचे. घरातल्या सगळ्यांना ते पाठ झालं होतं. आई असताना ती म्हणायची, “गडग्यालाच बक्षीस द्या एकदा.” ते माझ्याकडे वळायचे आणि मी हो म्हणायचे. दर वेळी म्हणताना मला वाटायचं, यांनी घोडे ओळखण्यात जन्म काढला, यांना तो प्रसंग बघताना काय दिसत असेल? पण विचारलं तर मी तेव्हापासून काय मनात धरून आहे तेही सांगावं लागलं असतं. आणि मग त्यांना इतकी वर्षं जे बघायला आवडत होतं ते त्यांना बघता आलं नसतं, असं मला वाटायचं.

तेराव्याला माणसं येऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं होतं. मी भांडी जागेवर लावत होते. बाहेरच्या खोलीतून व्हायोलिनचा आवाज आला. जाऊन बघितलं तर ओवी तात्यांच्या खुर्चीत बसली होती आणि तिनं त्या सिनेमाचा शेवट लावला होता.

“मागं घे,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिनंच मागे घेतलं. घोडा उलटा पळत गेला. “हां. आता सोड.”

तो धावत आला. मान शलाकाच्या खांद्यावरून पुढे टाकली.

“इथं गडग्याआड आई आहे,” ओवी म्हणाली. मी दाराशी आहे हे तिला कळलेलं नव्हतं. “आणि घोडा आलाय तो तिच्याकडं.”

“थांबव तिथं,” मी म्हणाले.

तिनं दचकून बोट ठेवलं. चित्र थांबलं. जुनी प्रत होती, रंग उडालेले, पण नीट दिसत होतं. मी टीव्हीजवळ गेले.

“हे बघ. हे त्याचे कान.”

“दिसतायत.”

“घोडा ज्याच्याकडं जातो त्याच्याकडं त्याचे कान असतात. ही शलाका. मी इथं खाली. त्याचे कान कुठं आहेत?”

ओवी खुर्चीतून उतरून पडद्याशी आली. तिनं बोटानं कानांपासून एक रेघ ओढली, शलाकाच्या डोक्यावरून, गडग्यावरून, चित्राच्या कडेपर्यंत. बोट टीव्हीच्या काळ्या चौकटीवर येऊन थांबलं.

“इथं बाहेर,” ती म्हणाली. “इथं कोण आहे?”

“आजोबा. उन्हात, झुडपांत, तोबरा उंच धरून.”

तिनं चौकटीवरचं बोट काढलं. “मग ते का म्हणायचे, की तुझ्याकडं आला?”

“मला साताऱ्याला जायची भीती वाटत होती म्हणून.”

“आणि तुला हे माहीत होतं?”

“हो.”

“आधीपासून?”

“त्याच दिवशी.”

“मग तू त्यांना सांगितलं का नाहीस?”

खुर्ची रिकामी होती. मी खुर्चीकडे वळले आणि बोलले, नेहमी त्यांच्याशी बोलायचे तेवढ्याच आवाजात.

“तात्या, तो तुमच्याकडं आला होता. मी कान बघितले होते.”